आईला विमानतळावर बसवून जाऊ नका

पत्र असं आहे:

"नमस्कार. आम्ही दोघं नोकरीनिमित्त सिंगापुरात राहतो. ऑक्टोबरच्या मध्यावर माझ्या आईला घेऊन सोलला भावाकडे जायचं ठरलं आहे. स्वस्त तिकीट मिळालं ते चीनमधल्या हांगझोऊवरून. पहिलं विमान सकाळी ६.४० ला हांगझोऊला उतरतं, पुढचं संध्याकाळी ५.५० ला सुटतं. म्हणजे अकरा तास दहा मिनिटं हातात. तिघांचेही पासपोर्ट भारतीय. मी बघायच्या ठिकाणांची यादी केली आहे: वेस्ट लेक, लिंगयिन मंदिर, चहाचे मळे, हफांगचा जुना बाजार, ग्रँड कॅनॉल आणि रेशमाचं म्युझियम. नवरा म्हणतो, व्हिसा नाही म्हटल्यावर बाहेर सोडणारच नाहीत, आणि सोडलं तरी विमान चुकेल, त्यापेक्षा आतच झोप काढू. आई ६७ वर्षांची, साताऱ्याची, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली. गुडघे दुखतात, पूर्ण शाकाहारी आहे. ती म्हणते, 'तुम्ही दोघं जाऊन या, मी बसते इथंच जप करत.' काय करावं? – सिंगापूरहून एक लेक"

ताई,

तुमच्या पत्रातलं आईंचं ते वाक्य मी दोनदा वाचलं. आपल्याकडच्या बायकांना ते फार लवकर सुचतं. 'मी बसते इथंच.' देवळाच्या पायथ्याशी, गडाच्या खाली, लग्नाच्या हॉलमध्ये सामानापाशी, आयुष्यभर त्या बसलेल्या असतात. या खेपेला त्यांना बसवायचंच असेल, तर विमानतळाच्या लोखंडी खुर्चीवर बसवू नका, तळ्याकाठच्या बाकावर बसवा. माझ्या सगळ्या उत्तराचं मूळ एवढंच आहे. बाकीची सगळी त्याची व्यवस्था.

आधी तुमच्या मिस्टरांच्या शंकेचं बघू, कारण ती खरी आहे. चीनमध्ये २४० तास व्हिसाशिवाय राहण्याची जी सवलत हल्ली सगळीकडे गाजते आहे, ती ५५ देशांच्या नागरिकांना आहे आणि त्यात भारत नाही. तिच्या भरवशावर निघालात तर फसाल. पण एक जुनी, वेगळी सवलत आहे, २४ तासांची. ती कुठल्याही देशाच्या पासपोर्टाला चालते. अट अशी की तुम्ही एका देशातून चीनमध्ये यायचं आणि तिसऱ्याच देशाला जायचं. पुढच्या विमानाची जागा पक्की असली पाहिजे आणि येणं-जाणं २४ तासांच्या आत झालं पाहिजे. सिंगापूर, हांगझोऊ, सोल या अटीत नीट बसतं. सिंगापूरहून हांगझोऊ आणि परत सिंगापूर असं असतं, तर ते बसलं नसतं.

विमानतळाबाहेर पडायला मात्र तात्पुरत्या प्रवेशाचा परवाना लागतो. तो तिथंच, इमिग्रेशनला देतात. नेहमीच्या रांगेत उभं राहायचं नाही. 'ट्वेंटी फोर अवर ट्रान्झिट' असं म्हणून काउंटर विचारायचा, तिथला छोटा अर्ज भरायचा आणि तीन गोष्टी पुढे ठेवायच्या: पासपोर्ट, सोलच्या विमानाचं तिकीट आणि कोरियाचा व्हिसा. तिन्ही कागदांच्या छापील प्रती घ्या, प्रत्येकाच्या वेगळ्या. मोबाइलवर दाखवू म्हणाल, तर नेमकं तिथं नेट चालत नाही. आईंचे कागद त्यांच्याच पर्समध्ये असू द्या. अधिकाऱ्याने त्यांना वेगळं बोलावलं तर त्या गोंधळायला नकोत. परवाना द्यायचा की नाही हे शेवटी त्या अधिकाऱ्याच्या हातात असतं, म्हणून घरून निघतानाच मनाची तयारी ठेवा की नाही मिळाला तर आत बसू. आणि निघायच्या आठवडाभर आधी विमान कंपनीला फोन करून नियम बदललेला नाही ना, हे विचारून घ्या. सिंगापूरच्या चेक-इनला बसलेली मुलगीसुद्धा कधीकधी 'चीनचा व्हिसा कुठे आहे' म्हणून अडते. तिलाही २४ तासांचा ट्रान्झिट आहे हे तुम्हीच शांतपणे सांगायचं. तेव्हाच विचारा, बॅगा थेट सोलपर्यंत जातात का? जात असतील तर उत्तम. नाहीतर हांगझोऊला त्या घ्याव्या लागतील आणि विमानतळावरच सामान ठेवायच्या खोलीत पैसे देऊन ठेवाव्या लागतील.

आता तुमची यादी. ताई, रागावू नका, पण मी तिच्यातली पाच नावं खोडते आहे.

मी पहिल्यांदा हांगझोऊला गेले तेव्हा माझ्याही हातात अशीच यादी होती आणि वेळ तुमच्यापेक्षा थोडा जास्तच होता. मंदिराच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागलेली, बस मुंगीच्या पावलांनी सरकत होती. मंदिरात पोचले तेव्हा निम्मं लक्ष घड्याळात. बाजारातून धावत गेले. तळ्यावर शेवटी आले आणि तिथं मला मिळाली फक्त वीस मिनिटं. समोर पाणी, पाण्यावर धुकं, पलीकडे एकामागे एक फिकट होत गेलेल्या डोंगरांच्या रांगा. ते सोडून टॅक्सीत बसताना जी हुरहुर लागली, ती पुढच्या खेपेपर्यंत गेली नाही. दुसऱ्यांदा गेले तेव्हा फक्त तळ्यावर गेले. त्या दुसऱ्या खेपेच्या जिवावर तुम्हाला सांगते आहे.

अकरा तासांचा हिशेब मांडून बघा. ६.४० ला उतरलात की परवाना, रांगा, आईंचं तोंड धुणं, पैसे बदलणं यात सहज दोन तास जातात. पावणेनऊला बाहेर. विमानतळ शिआओशान भागात, चियनतांग नदीच्या अलीकडे. शहर आणि तळं पलीकडे. टॅक्सीला पाऊण तास ते तास धरा. म्हणजे तळ्याकाठी पावणेदहा-दहा. पुढचं, सोलचं विमान ५.५० चं, आंतरराष्ट्रीय, म्हणून तीनच्या सुमारास विमानतळावर परत असायलाच हवं. मधले प्रवासाचे तास काढले की हातात उरतात चार तास. अकराचे चार झाले, हे मिस्टरांनाही सांगा. त्यांच्या भीतीला आधार आहे, म्हणून घड्याळ त्यांच्याच ताब्यात द्या. दुपारी दोनला ते 'चला' म्हणाले की कुणी 'अजून एकच फोटो' म्हणायचं नाही. एवढं आधी कबूल केलंत की चारही तास ते निवांत राहतील. सिंगापूर आणि चीनचं घड्याळ एकच आहे, त्यामुळे अंगाला वेळेचा फरक जाणवणार नाही. मात्र रात्रभराच्या विमानात आईंची झोप झालेली नसेल, हे विसरू नका.

जाताना टॅक्सीच करा. विमानतळाच्या अधिकृत रांगेतून घ्या, आत येऊन 'टॅक्सी, टॅक्सी' विचारणाऱ्यांच्या मागे जाऊ नका. ड्रायव्हरला इंग्रजी येईल असं धरू नका. जायच्या ठिकाणाचं नाव चिनी लिपीत मोबाइलवर फोटो करून ठेवा आणि तो फोटोच दाखवा. कुठलं नाव? लिउलांग वनयिंग. तळ्याच्या आग्नेय काठावरची ही बाग. नावाचा अर्थ साधारण 'विलो झाडांच्या लाटांत हळद्या पक्ष्याची गाणी ऐकणं' असा. वेस्ट लेकची म्हणून जी दहा दृश्यं सातआठशे वर्षं वाखाणली जात आहेत, त्यांतलं हे एक. ती नावं पडली तेव्हा हांगझोऊ दक्षिणेकडच्या सुंग राजांची राजधानी होती. मी ही बाग निवडते ती मात्र नावासाठी नाही. तिथं जमीन सपाट आहे, पायऱ्या जवळपास नाहीत, सावली दाट आहे, पाण्याच्या अगदी कडेला बाकं आहेत आणि आत जायला पैसे लागत नाहीत. गुडघेदुखीच्या माणसाला याहून काय हवं?

आईंना पहिला अर्धा तास तिथं नुसतं बसू द्या. तुम्ही दोघं हवं तर चक्कर मारा. समोर सगळं तळं दिसतं. साडेसहा चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेलं हे पाणी कुठंच फार खोल नाही. डाव्या हाताला, दक्षिण काठावर, टेकडीवर एक मनोरा दिसेल, लेइफंग. जुना मनोरा १९२४ मध्ये कोसळला, आता उभा आहे तो २००२ चा. त्यात सरकते जिने आणि लिफ्टसुद्धा आहे, पण तिकडे जाऊ नका, इथूनच बघा. दूर पश्चिमेला पाण्यात झाडांची एक सरळ रेघ आखल्यासारखी दिसते. तो सू बांध. सू तुंगफो हा कवी १०८९ मध्ये इथं प्रशासक म्हणून आला, तेव्हा तळं गाळानं आणि पाणवनस्पतींनी भरून निम्म्यावर आलं होतं. त्याने गाळ उपसायला माणसं लावली. उपसलेला गाळ टाकायचा कुठं, तर त्याचाच पाण्यातून जवळजवळ तीन किलोमीटरचा बांध घातला, त्याला सहा पूल ठेवले आणि दोन्ही कडांना झाडं लावली. आईंना हे सांगाच. ज्या गावात तळ्यातला गाळ काढण्यावरून दरवर्षी चर्चा होते, त्या गावच्या माणसाला या गोष्टीची किंमत जास्त कळते.

आणि आता ज्यासाठी मी तुम्हाला त्या बागेत पाठवते आहे, ती गोष्ट. सकाळच्या वेळी तिथं निवृत्त माणसं जमतात. कुणी गातं, कुणी संथ व्यायाम करतं. त्यांच्यात बऱ्याचदा एखादे आजोबा हातात कमरेएवढा लांब कुंचला घेऊन उभे असतात. कुंचल्याच्या टोकाला स्पंज, शेजारी पाण्याची बादली किंवा बाटली. ते फरशीवर पाण्याने अक्षरं लिहितात. एका फरशीवर एक अक्षर. हात खांद्यापासून फिरतो, मनगट जवळजवळ हलत नाही. दांडी ओढताना टोक दाबलं जातं, उचलताना हलकेच सुटतं आणि त्या जागी पाण्याची शेपटी बारीक होत जाते. पाचव्या-सहाव्या अक्षराशी पोचेपर्यंत पहिलं कडांकडून वाळायला लागलेलं असतं. ओळ पूर्ण होते तेव्हा तिची सुरुवात नाहीशी झालेली असते. ते वळतात आणि पुन्हा पहिल्या फरशीपासून लिहायला लागतात. मी तिथं पाऊण तास उभी होते.

तुमच्या आईंनी उभं आयुष्य फळ्यावर वळणदार अक्षर काढून दाखवण्यात घालवलं. 'क'ची गाठ कुठं वळते आणि 'श'चा पाय कुठं टेकतो, हे त्यांच्या हाताला ठाऊक आहे. त्यांना त्या आजोबांजवळ नेऊन उभं करा. भाषेचं काही अडणार नाही. हे लोक बघणाऱ्याच्या हातात कुंचला द्यायला बरेचदा आपणहून तयार असतात. नसले तरी हाताने खूण करून विचारता येतं. आईंना त्यांच्या नावातलं एक अक्षर तिथं काढू द्या. त्या 'नको गं' म्हणतील. एकदा आग्रह करा, दुसऱ्यांदा करू नका.

अकराच्या सुमारास नाव. तळ्यावर दोन प्रकारच्या असतात. हाताने वल्हवायची लहान नाव फोटोत फार छान दिसते, पण तिच्यात चढताना पाय टाकायची जागा हलते, गुडघ्यांना ते सोसायचं नाही. मोठी छपराची बोट घ्या. बागेतून उत्तरेकडे हुबिन नावाच्या काठापर्यंत जायला तळ्याभोवती विजेवरच्या उघड्या गाड्या फिरत असतात, हात केला की थांबतात. तेवढंही अंतर चालत जाऊ नका. हुबिनच्या धक्क्यावरून मोठी बोट तळ्याच्या मधल्या बेटावर नेते. बेटाच्या पोटात पुन्हा तळी आहेत आणि त्यांच्यावरून नागमोडी पूल. बेटाच्या दक्षिणेला पाण्यातून दगडी समयांसारखे तीन छोटे मनोरे वर आलेले दिसतात, दोनेक मीटर उंचीचे, पोकळ, भोवती गोल भोकं पाडलेले. शरदातल्या पौर्णिमेला त्यांच्या आत दिवे लावतात आणि भोकांतून पडलेला उजेड पाण्यात चंद्रासारखा दिसतो. विमानतळावर पैसे बदलताना एक युआनची नोट मागून घ्या. मिळाली तर तिची मागची बाजू या मनोऱ्यांसमोर धरा. तेच चित्र आहे.

बेटावर अर्धा तास पुरे. त्यातही आईंना कंटाळा आला असेल, तर बेट सोडून द्या आणि हुबिनच्या काठावरच बसा. यादीत उरलेली एकुलती एक जागासुद्धा पूर्ण बघितली पाहिजे असं काही नाही.

जेवणाचं बोलू. हांगझोऊचं नावाजलेलं जेवण डुकराचं आणि कोळंबीचं आहे, आणि नुसत्या भाजीच्या रश्शातही चरबी किंवा मांसाचं पाणी असू शकतं. 'व्हेजिटेरियन' हा शब्द तिथं कामाचा नाही. 'सू' हा आहे. बौद्ध मंदिरांत चालणारं जेवण म्हणजे सू, आणि त्याचे नियम आपल्यापेक्षा कडक: मांस, मासे, अंडी तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या आईंना हे ऐकून बरं वाटेल. 'मी बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवते, मांसाचा रस्सा आणि अंडंही चालत नाही' हे वाक्य चिनीत भाषांतर करून त्याचा फोटो ठेवा आणि दुकानात दाखवा. तरीही मी एका डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या आणि कोरडी चटणी घेऊन जाईन, आणि तुम्हालाही तेच सांगते. चार तासांत शाकाहारी हॉटेल शोधत फिरणं हा तळ्यावरचा वेळ चोरण्याचा प्रकार आहे. फळं आणि दुधाचे पदार्थ मात्र बरोबर बाहेर काढू नका, चीनच्या कस्टम्सला ते चालत नाहीत. विमानातलं दही, केळं विमानातच संपवा.

एक गोष्ट मात्र तिथलीच खा. कमळाच्या कंदाचं सत्त्व, ओउफन म्हणतात त्याला. तळ्याकाठच्या दुकानांत वाटीत करून देतात. पांढऱ्या चुऱ्यावर आधी थोडं गार पाणी, मग उकळतं पाणी ओततात आणि चमच्याने एकाच दिशेने ढवळतात. दुधासारखं पांढरं दिसणारं ते पाणी दोन-तीन वळशांत घट्ट होतं आणि आरपार, किंचित गुलाबी-तपकिरी होऊन चमकायला लागतं. वरून तीळ आणि एक बारीक पिवळं वाळलेलं फूल भुरभुरवतात. आई पहिल्या चमच्याला म्हणतील, 'अगं, ही तर आरारुटाची लापशी!' अगदी तीच जात. पोटाला हलकी, गरम, आणि पूर्ण शाकाहारी.

ते पिवळं फूल म्हणजे गुइहुआ, हांगझोऊचं स्वतःचं फूल. त्याचा बहर सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरमध्ये असतो, म्हणजे तुमचं नशीब चांगलं असेल तर नेमका तुम्ही जाल तेव्हा. झाड शोभिवंत म्हणावं असं नाही. पानांच्या बेचक्यात तांदळाच्या कणीएवढी फुलं, मुद्दाम जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. वास मात्र वीस पावलांवरून येतो. मला बकुळीची आठवण झाली. बागेत चालताना तुम्हाला आधी वास येईल आणि मग तुम्ही मान वर करून झाड शोधाल.

चहाचे मळे मी खोडले, पण चहा नाही. तिथला लोंगजिंग चहा उभ्या काचेच्या पेल्यात पानांसकट देतात, दूध-साखर नाही. पानं आधी वर तरंगतात, मग एक-एक करून उभी होऊन तळाशी जातात. पेला संपला की त्याच पानांवर पुन्हा गरम पाणी मिळतं. पाटीवर किंमत लिहिलेली असेल अशाच दुकानात बसा. रस्त्यात ओळख काढून 'चला, चहा चाखू' म्हणणाऱ्या गोड मुलामुलींना नम्रपणे नाही म्हणा, ते बिल फार मोठं येतं. आईंना तो चहा पुचाट वाटेल, हे आत्ताच सांगून ठेवते. गरम पाणी मात्र चीनमध्ये कुठंही मिळतं, मागायला लाजू नका, थर्मास घेऊन जा.

मंदिर खोडताना माझाही हात थांबला होता. लिंगयिन मंदिराची परंपरा सांगते की ते चौथ्या शतकात हुइली नावाच्या एका भारतीय भिक्षूने स्थापन केलं. तिथली चुनखडीची टेकडी बघून तो म्हणाला, ही तर आमच्याकडची, राजगीरजवळच्या गृध्रकूटाची, ही उडून इकडे कशी आली? तेव्हापासून तिचं नाव फेइलाइ फंग, म्हणजे उडत आलेलं शिखर. त्या टेकडीच्या कातळात शेकडो बौद्ध मूर्ती कोरल्या आहेत. पण तिथं पायऱ्या आहेत, गर्दी आहे, आणि तळ्यापासून जाऊन-येऊन बघायचं तर तुमच्या चार तासांतले तीन जातील. ही गोष्ट आईंना बाकावर बसूनच सांगा. पश्चिमेकडच्या त्या डोंगरांत कुठंतरी ती टेकडी आहे, म्हणावं. गावाची ओळख त्यांना याआधीही झालेली असेल. २०२३ च्या आशियाई स्पर्धा याच हांगझोऊला झाल्या आणि महिलांच्या सांघिक कंपाउंड तिरंदाजीत सुवर्ण मिळवणाऱ्या भारतीय संघात साताऱ्याची आदिती स्वामी होती. साताऱ्यात ते पदक कुणी विसरलं असेल असं वाटत नाही.

काही बारीकसारीक, पण न विसरण्यासारखं. पैशांसाठी सिंगापुरातच अलीपे ॲप घेऊन त्यात पासपोर्ट आणि कार्ड जोडून ठेवा. ही कंपनी मूळची हांगझोऊच्याच अलीबाबाची, त्यामुळे तिथं नावेपासून लापशीपर्यंत सगळं त्याच्या कोडवर चालतं. थोड्या सुट्ट्या नोटाही जवळ असू द्या. चीनमधल्या वायफायवर गूगल आणि व्हॉट्सॲप चालत नाही, म्हणून सिंगापूरच्या सिमचं रोमिंग घ्या, त्यावर चालतं. बागेतल्या सार्वजनिक संडासांत बहुतेक ठिकाणी उकिडवं बसावं लागतं आणि कागद आपला आपण न्यावा लागतो. आईंसाठी हुबिनच्या रस्त्यावरच्या मोठ्या मॉलमध्ये जा, तिथं खुर्चीचे मिळतात. दिवस शनिवार-रविवारचा असेल तर गर्दी दुप्पट धरा आणि बेट सोडा. १ ते ७ ऑक्टोबरची त्यांची राष्ट्रीय सुट्टी तुम्ही टाळली आहे, ते फार बरं केलंत.

पाऊस असला तरी जा. छत्र्या घेऊन जा, टॅक्सीनेच जा, बेट रद्द करा आणि पाण्याकडे तोंड असलेल्या चहाच्या दुकानात खिडकीशी बसा. पावसात समोरचे डोंगर एक-एक करून पुसले जातात आणि थोड्या वेळाने एक-एक करून परत येतात. नुसतं ते बघत बसणं पुरतं.

परतताना मिस्टरांनी दोनला 'चला' म्हटलं की आधी ड्रायव्हरला फोनवर रस्ता दाखवायला सांगा. नदीवरचे पूल तुंबलेले दिसले, तर टॅक्सीचा हट्ट धरू नका. वूशान चौकातून सात नंबरची मेट्रो थेट विमानतळावर जाते, मध्ये गाडी बदलावी लागत नाही, आणि स्टेशनात लिफ्ट आहे. तळ्यापासून वूशानपर्यंत पाच-दहा मिनिटांची टॅक्सी पुरते. मेट्रोत शिरताना पिशव्या तपासतात, पुरीचा डबा वर ठेवा. आणि भावाला सोलला घ्यायला यायची वेळ कळवताना एवढं लक्षात असू द्या की कोरियाचं घड्याळ चीनच्या एक तास पुढे आहे. तिकिटावर उतरायची जी वेळ छापली आहे, ती सोलचीच.